माझा भाव आला की विकतो

गेल्या शनिवार-रविवारी नाशिकला एका कार्यशाळेत जाऊन बसलो. सकाळी दहा ते पाच, दोन दिवस, शुल्क साडेसात हजार, विषय 'शेअर निवडीची शिस्त'. हातात पडलेलं वेळापत्रक मी दोनदा वाचलं. ताळेबंद कसा वाचायचा, चार्टवर आधार कुठे शोधायचा, चांगला उद्योग कसा ओळखायचा, सगळं होतं. विकायचं कधी, यासाठी मात्र दोन दिवसांत अर्धा तासही नव्हता. चहाच्या वेळी आयोजकांना विचारलं. म्हणाले, "सर, चांगली कंपनी घेतली की विकायचा प्रश्नच येत नाही."

त्या उत्तराचा राग अजून उतरलेला नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक बसले होते. त्यांनी विश्वासानं मोबाईल पुढे केला. एकतीस कंपन्या, त्यांतल्या एकोणीस तांबड्या. यांचं काय करणार, असं विचारल्यावर म्हणाले, "माझा भाव आला की विकतो." हे वाक्य मला वाचकांच्या पत्रांत दर आठवड्याला भेटतं. मराठी मध्यमवर्गाचा जेवढा पैसा शेअर बाजारात बुडाला, त्यातला निम्मा या एका वाक्यानं बुडवला, असं माझं ठाम मत आहे. त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही, पण मत बदलावं असं आजवर काही दिसलेलं नाही.

निफाड तालुक्यात माझ्या मामांची कांद्याची चाळ होती. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघाला की तो चाळीत भरायचा आणि भाव बघून दिवाळीपर्यंत लासलगावला न्यायचा. भरतानाच मामांच्या वहीत नोंद व्हायची: कुठल्या वावरातला, किती क्विंटल, काढणीच्या वेळी पाऊस लागला होता का, पोळ्याच्या आत किती काढायचा. भिजलेला माल चाळीत दाराशी ठेवायचा, म्हणजे पहिल्यांदा तोच बाहेर पडेल. पावसाळा लागला की दर आठ दिवसांनी मामा चाळीभोवती फिरायचे. तळाशी ओल दिसते का, वास येतो का, ते बघायचे. मग बांबूच्या फटीतून हात घालून कांदा बाहेर काढायचा आणि अंगठ्यानं त्याची मान दाबायची. मान मऊ लागली की तेवढा भाग त्याच दिवशी फोडायचा. सडका उकिरड्यावर, निवडलेला ट्रॉलीत, आणि मिळेल तो भाव घ्यायचा.

शेजारचे बाबा मनात एक आकडा धरून बसायचे. तेवढा भाव आल्याशिवाय चाळीला हात लावायचा नाही. एका वर्षी तो आकडा आला. बाबांनी मामांच्या दीडपट पैसे केले आणि मामींनी मामांना महिनाभर ऐकवलं. तरीही पुढच्या वर्षीच्या पावसात मामा फटीत हात घालून कांदे दाबत होते. त्याच वर्षी दसऱ्यानंतर बाबांनी चाळ फोडली. खालच्या थरातून काळं पाणी वाहत होतं आणि वास रस्त्यापर्यंत येत होता. लासलगावचा भाव त्या आठवड्यात चांगला होता. विकायला माल नव्हता.

कंपनीची मानही दाबून बघता येते आणि त्यासाठी साडेसात हजार लागत नाहीत. तिमाही संपल्यावर पंचेचाळीस दिवसांत निकाल द्यावेच लागतात, वर्षाच्या निकालाला साठ दिवस. कुणाकडे किती शेअर आहेत आणि प्रवर्तकांनी किती गहाण ठेवलेत, हे एकवीस दिवसांत जाहीर होतं. ऑडिटरनं मुदतीआधी राजीनामा दिला तर तेही कळवावं लागतं. नफा कागदावर वाढतोय पण धंद्यातून रोख येत नाही, उधारी विक्रीपेक्षा वेगानं फुगतेय, हे दहावीपर्यंतच्या गणितावर समजतं.

येस बँकेचंच बघा. बँकेनं दाखवलेली बुडीत कर्जं आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेली बुडीत कर्जं यांत २०१६-१७ या वर्षासाठी ६,३५५ कोटींचा फरक निघाला. हे ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालं होतं. म्हणजे मान मऊ लागली होती. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये शेअर चारशेच्या आसपास पोचला. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवली आणि शेअर एका दिवसात पाव हिश्श्याहून जास्त पडला. २६ एप्रिल २०१९ ला बँकेनं इतिहासातला पहिला तिमाही तोटा दाखवला, १,५०७ कोटींचा. या काळात मोठ्या संस्था बाहेर पडत होत्या आणि छोट्या भागधारकांचा हिस्सा वाढत होता. चारशेला घेतलेला दोनशेला अ‍ॅव्हरेज, दोनशेचा पन्नासला अ‍ॅव्हरेज. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले. पुनर्रचनेत स्टेट बँकेनं दहा रुपयांनी शेअर घेतले आणि ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर होते, त्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत असं ठरलं.

मार्च २०२० मध्ये देशात सुमारे चार कोटी डिमॅट खाती होती. २०२५ मध्ये ती वीस कोटींवर गेली. म्हणजे पाचांतली चार खाती त्या मार्चनंतर उघडलेली आहेत. त्या माणसांना शिकवायला बसायचं आणि विकण्याचा विषयच काढायचा नाही, हे मला बेजबाबदार वाटतं.

मी स्वतः २०१३ मध्ये एका कंपनीचे शेअर मित्राच्या सांगण्यावरून घेतले, भाव निम्म्यावर आल्यावर आणखी घेतले, आणि चार वर्षं 'माझ्या भावाची' वाट बघितली. शेवटी विकायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ते का घेतले होते, हेच मला सांगता येत नव्हतं. वही त्यानंतर सुरू झाली. नियमित वाचकांना ती माहीत आहे: एका कंपनीला एक पान, घेण्याचं कारण तीन ओळींत, आणि काय झालं तर विकायचं हे घेण्याच्या दिवशीच. नुसता भाव पडला, हे विकण्याचं कारण मी धरत नाही. लिहिलेलं कारण मोडलं की मात्र विकतो, मग भाव माझ्या खरेदीच्या वर असो की खाली. कारण शाबूत असल्याशिवाय अ‍ॅव्हरेज करत नाही, आणि केलं तरी एका कंपनीत एकूण रकमेच्या दहा टक्क्यांवर जात नाही. निकाल आले की त्या रविवारी सगळी पानं वाचतो.

तोट्यात विकलं म्हणजे सगळंच गेलं, असंही नाही. विवरणपत्र वेळेत भरलं तर तो तोटा आठ वर्षं पुढे ओढून भांडवली नफ्यातून वजा करता येतो. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून.

त्या शिक्षकांना मी एवढंच सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. या रविवारी एकोणीस नको, एकच घ्या, सगळ्यात मोठ्या तोट्यातला. वहीत त्याचं नाव लिहा आणि आज हातात तेवढी रोख असती तर हाच शेअर का घेतला असता, ते त्याखाली लिहा. खरेदीचा भाव लिहू नका. कारण सापडलं तर ठेवा. नाही सापडलं, तर सोमवारी सव्वानऊला बाजार उघडतो.