‘उपयोग काय?’ म्हणणारांस

परवा फराळाला बसल्या बसल्या आमचे एक स्नेही गरजले, “भौतिकशास्त्राच्या संशोधनावर पैसा उधळण्यापेक्षा दवाखाने बांधा!” तोंडात चकली होती म्हणून मी गप्प बसलो. आता बोलतो.

गेल्या साली माझ्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी हातापायांना तारा लावून कार्डिओग्राम काढला आणि त्या नागमोडी रेषेवरून दुखणे ओळखले. ही रेषा आली कोठून? लिपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १८७०च्या दशकात काचेच्या केशनळीत पारा भरून विद्युन्मापक बनवले, ते काही हृदयासाठी नव्हे! पण त्याच्याच साहाय्याने १८८७ साली लंडनमध्ये वॉलरने माणसाच्या हृदयातील विजेचा आलेख टिपला. पुढे लायडनच्या आइंथोव्हेनने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा तंतू ताणला, आणि हृदयाच्या इवल्याशा प्रवाहाने तो थरथरू लागला. रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे! त्या धुडाकडे पाहून आमच्या स्नेह्यांनी काय म्हटले असते, ते सांगायला नकोच. आइंथोव्हेनला १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दवाखाने हवेतच, कोण नाही म्हणतो? पण विहीर बांधायची म्हणून तिचे झरे बुजवायचे काय?

आणि गंमत ऐका: हे स्नेही स्वतः दर सहा महिन्यांनी न चुकता कार्डिओग्राम काढून घेतात!