‘आपला माणूस’ आणि आपला पैसा

माझे चाचा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी सगळं मिळून 22 लाख रुपये हातात आले. चाचांनी आयुष्यभर सूद खाल्ला नाही. बचत खात्यावर जमा होणारं व्याजदेखील ते दरवर्षी हिशेब करून, सवाबची नियत न ठेवता, गरजूंना देऊन टाकत. त्यामुळे या 22 लाखांचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. मी त्यांना सेबीकडे नोंदणी असलेल्या एका गुंतवणूक सल्लागाराकडे नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि लेखी आराखडा करून देण्याची फी 15 हजार रुपये सांगितली. जिना उतरताना चाचा म्हणाले, “खाली बातां करने के पंधरा हजार?”

दोन आठवड्यांनी मशिदीतल्या ओळखीचा एक माणूस घरी आला. बोलणं गोड, फी शून्य, दरमहा तीन टक्के ‘मुनाफा’ आणि सगळं हलाल. त्याच्या दफ्तराच्या उद्घाटनाला मौलानांनी दुआ केली होती. “अपनाच आदमी है,” म्हणत चाचांनी 22 लाख दिले. सात महिने 66 हजार रुपये येत राहिले, आठव्या महिन्यात दफ्तराला कुलूप लागलं. 4 लाख 62 हजार परत आले होते, 17 लाख 38 हजार गेले. वाचले ते 15 हजार.

ही एकट्या चाचांची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. जून 2019 मध्ये बंगळुरूची आयएमए ही कंपनी बुडाली, तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत तिच्यात अडकली होती. मुलींच्या लग्नाचे पैसे होते, विधवांचे दागिने होते, आखातात उन्हात राबून जमवलेली पुंजी होती. व्याज नको म्हणून लोक तिकडे गेले होते. कंपनीचा संस्थापक देशाबाहेर निघून गेला आणि जुलैमध्ये दिल्ली विमानतळावर परतल्यावर पकडला गेला.

आता माझा प्रश्न माझ्याच समाजाला आहे. दरमहा ठरलेले तीन टक्के हलाल कसे? मुदारबतमध्ये एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा झाला तर ठरलेल्या वाट्याने वाटायचा, आणि तोटा झाला तर, मेहनत करणाऱ्याने हयगय केली नसेल तर, तो भांडवलवाल्याने सोसायचा. हे मदरशातला विद्यार्थीही सांगेल. धंदा चालो न चालो, भांडवलावर ठरलेली रक्कम मिळणारच असेल, तर तो सूदच. फक्त त्याला टोपी घातलेली. बँकेचं सात टक्के व्याज हराम म्हणून नाकारायचं आणि वर्षाचे 36 टक्के बिस्मिल्ला म्हणून घ्यायचे, याला मी दीनदारी म्हणणार नाही. हा लोभ आहे, आणि आपण त्याला दीनाचं नाव दिलं आहे.

आपण ‘आपल्या माणसा’कडे का जातो, हेही मला माहीत आहे. मोहल्ल्याचा पत्ता वाचून बँकेतल्या साहेबाचा चेहरा बदलताना आपण पाहिला आहे. काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवल्याची नोंद 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातच आहे. बाहेरचा दरवाजा बंद झाला की माणूस घरातल्यावर विसंबतो. पण त्याच विसंबण्यावर डल्ला मारणारा घरातलाच निघतो, तेव्हा जात-जमातीचा दाखला काय कामाचा?

बाहेरचे ‘फुकट’ सल्लागारही धुतल्या तांदळासारखे नाहीत. बँकेतला गोड बोलणारा अधिकारी, पॉलिसी घेऊन येणारा शेजारी, म्युच्युअल फंडाचा वितरक, यांची कमाई विक्रीवर असते. वितरकाचं कमिशन फंड कंपनी देते आणि ते तुमच्याच पैशातून दरवर्षी कापलं जातं. जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाची कमिशन नसलेली ‘डायरेक्ट’ योजनाही मिळते. वितरक तिच्याबद्दल क्वचितच बोलतो. एक टक्क्याने काय फरक पडतो? 5 लाख रुपये 20 वर्षं 12 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 48 लाख होतात, 11 टक्क्यांनी वाढले तर सुमारे 40 लाख. बाजार एवढं देईलच असं नाही, पण फुकट सल्ल्याची किंमत या हिशेबात दिसते.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. सल्लागार आपला आहे का, हे विचारू नका. त्याला पैसे कोण देतं, ते विचारा. सेबीच्या 2013 च्या नियमांखाली नोंदलेला सल्लागार फी तुमच्याकडून घेतो. ज्याला सल्ला दिला त्याच्याच गुंतवणुकीवर त्याला कमिशन खाता येत नाही आणि परताव्याची हमीही देता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तुमचा पैसा त्याच्या खात्यात जात नाही. गुंतवणूक तुमच्याच नावावर होते. ‘माझ्या खात्यावर पाठवा’ म्हणणारा सल्लागार नव्हे.

प्रत्येकाला असा सल्लागार हवाच, असंही नाही. महिन्याला वीस हजार कमावणाऱ्याने आधी कर्ज फेडावं, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा आणि बाकीचं वाचून शिकावं. त्याने फी देण्याची गरज नाही. पण ज्याच्या हातात एकदम मोठी रक्कम येते, म्हणजे निवृत्त होणारा, जमीन विकणारा, आखातातून कायमचा परतणारा, त्याने फी वाचवू नये. त्याचे प्रश्न गुंतागुंतीचे असतात. उदाहरणार्थ, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. फॉर्मवर थोरल्या मुलाचं नाव घातलं म्हणून आई-बहिणींचा शरियतने ठरलेला हिस्सा संपत नाही. आपल्या घरांत किती बहिणींना हे सांगितलं गेलं आहे?

व्याज नको ही तुमची अट असेल तर ती पहिल्याच भेटीत सांगा. तो हसला तर उठून या. पण शरियतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे फंड आपल्या देशात वर्षानुवर्षं आहेत, हे त्याला माहीत असायला हवं. ते बँका, दारू, जुगार वगळतात आणि कर्जबाजारी कंपन्या गाळतात. मात्र हे शेअरचे फंड आहेत, ते पडतातही. म्हाताऱ्या माणसाने सगळी पुंजी त्यात घालू नये. व्याज नाही, धोका नाही आणि दरमहा ठरलेली रक्कम, या तिन्ही गोष्टी एकत्र कुठेच मिळत नाहीत. प्रामाणिक सल्लागार हे तोंडावर सांगेल. त्या 15 हजारांत चाचांना मुख्यतः हा नकारच मिळाला असता, आणि तो स्वस्त पडला असता.

उलेमांनाही अदबीने एक सांगायचं आहे. हिशेबाची वही न पाहता कुणाच्या दफ्तरात दुआ करायला जाऊ नका. तुमची दुआ लोकांना फतव्यासारखी वाटते. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरे बकराची 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवा आणि साक्षीदार ठेवा असं सांगते. ही आयत आपण तरावीहमध्ये दरवर्षी ऐकतो आणि 22 लाख तोंडी बोलण्यावर देऊन टाकतो.

मागच्या महिन्यात चाचांचा मुलगा रियाधहून कायमचा परतला. मला म्हणाला, “भाईजान, पैसे लगाने के हैं, कोई अपना आदमी है क्या?” शेजारी बसलेले चाचा मान खाली घालून ऐकत होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “अपना नक्को देख. फीस कितनी लेता, वो पूछ.”