जुन्या हॉटेलातला कप कोणाचा?

अमरावती-अकोल्यात सध्या 'जुन्या चवी'ची हवा आहे. हायवेला बैलगाडीचं चाक टांगायचं, कंदील लावायचा, पितळेच्या गिलासात पाणी द्यायचं आणि झुणका-भाकरीला 'वाड्यातली थाळी' म्हणून वाट्टेल तो भाव लावायचा. दुसरीकडे शहरातली खरीखुरी जुनी हॉटेलं आहेत. तिथला लाकडी बाक आणि बशीतला चहा मोबाईलवर टिपून आपलीही पोरं खाली लिहितात, 'ते दिवस पुन्हा येतील का?'

कोणते दिवस, मित्रांनो?

आधीच सांगतो, मला जुनी हॉटेलं आवडतात. गिलावडा खावा तो अमरावतीत. रश्शात बुडालेला आलुबोंडा, शेगावची कचोरी, एका चहावर दोन तास चाललेली राजकारणाची चर्चा, एकाच पेपरची चार पानं चौघांच्या हातात. आपल्या कित्येक मोर्चांची आखणी अशाच बाकांवर झाली आहे. हा ओढा खोटा नाही. पण हा बाक आपल्याला कसा मिळाला, ते विसरून त्याची आरती ओवाळणं मला मंजूर नाही.

माझा आजा तालुक्याच्या हॉटेलात चहा प्यायला की कप उचलून नळाकडे निघायचा. पोऱ्या म्हणायचा, "राहू द्या बाबा, मी नेतो." आजा कप खाली ठेवायचा आणि ओशाळून हसायचा. त्याच्या तरुणपणी गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचे कप बाहेर, वळचणीला खोचलेले असत. कानतुटके. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, उकिडवं बसून प्यायचा, धुऊन परत खोचायचा. पैसे मात्र तेवढेच. हाताची ती सवय पन्नास वर्षांनीही गेली नव्हती. पण मी दारात घुटमळलो की तोच आजा ओरडायचा, "अंदर बस ना बे पोट्ट्या, भाईर काहून उभा हायेस?"

हे 'अंदर' कोणी दान दिलेलं नाही. १९२७ साली मार्चमध्ये महाडचं पाणी आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली, अमरावतीची अंबादेवी मंदिर सत्याग्रहाची परिषद. हा वऱ्हाडचा इतिहास आहे. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख करावा लागला. तेवढ्यानं भागलं नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात हॉटेलात ठेवलेल्या भांड्यांच्या वापराला अडवणं हाही गुन्हा ठरवावा लागला. ज्या देशात चहाच्या कपासाठी संसदेला कायदा करावा लागतो, तिथं 'जुने गोड दिवस' सगळ्यांचे सारखे कसे असतील?

आपल्याकडेही जुन्या हॉटेलाची गोष्ट आहे, फक्त तिची कोणी सजावट करत नाही. वऱ्हाडातली नाही, कोल्हापूरची. गंगाराम कांबळे यांना हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून मारहाण झाली. शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी स्वतःचं हॉटेल काढलं. महाराज त्या हॉटेलासमोर गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजत. गडी ज्या हौदाला शिवू शकत नव्हता, त्याच गावात त्याच्या हातचा चहा! आपल्या पोरांनी कंदिलाखाली फोटो काढण्यापेक्षा ही गोष्ट पाठ करावी.

कोणी म्हणेल, अन्नात जात कशाला आणता? आम्ही आणत नाही, ती पाटीवर लिहिलेलीच असते. 'ब्राह्मणी पद्धतीचे घरगुती भोजन' ही पाटी कोणाला खटकत नाही. सावजी तर हलबा कोष्टी विणकरांच्या घरची रांधप; आज नागपूरपासून अकोल्यापर्यंत सगळे बोटं चाटतात. चांगलंच आहे. मग आपल्या वस्तीतल्या रांधपीची पाटी का नाही? शाहू पाटोळे यांना मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या जेवणावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहावं लागलं, कारण 'महाराष्ट्रीय पदार्थां'च्या पुस्तकांत ते ताट नव्हतंच.

इथं आपल्यातच वाद आहे, आणि तो मला मोलाचा वाटतो. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपल्या म्हाताऱ्यांनी उपाशी राहून ते सोडलं. चान्या म्हटलं की माझी आजी तोंड फिरवायची. तिच्यासाठी ती चव नव्हती, लाचारी होती. आता ते 'पारंपरिक' म्हणून प्लेटमध्ये सजवायचं का? मी म्हणेन, लाचारी विकू नका, पण मिठ-मिरचीवर घर चालवणाऱ्या बाईचं कसब लपवूही नका.

आणि एकत्र खाल्लं म्हणजे जात मेली, या भ्रमातही राहू नका. नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलन'मध्ये लिहून ठेवलंय. शेजारी बसून कचोरी खाणारा भाड्यानं खोली देताना आडनाव विचारतोच.

येत्या १४ एप्रिलला इर्विन चौकात स्टॉल लावणाऱ्या पोरांना एक विनंती. एक वही ठेवा. पाणी प्यायला थांबलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला, बाईला विचारा: हॉटेलात आत बसून, सगळ्यांच्या कपात पहिला चहा कधी प्यायलात? गाव कोणतं, सोबत कोण होतं, मालक काय म्हणाला, सगळं लिहून घ्या. रील करायचीच तर त्यांची करा.

जय भीम.