पदवी घरची, भाकरी परक्याची!

फिलिपाइन्सच्या सरकारी शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेचा मासिक पगार २०२४ साली २८,५१२ पेसो होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हाँगकाँगच्या सरकारने परदेशातून आणलेल्या मोलकरणींसाठी जे किमान वेतन ठरविले, ते होते ४,९९० हाँगकाँग डॉलर. त्या वेळच्या दराने त्याचे पस्तीस-छत्तीस हजार पेसो होतात. शिवाय राहणे मालकाच्या घरी आणि जेवणाचा खर्चही त्याच्याच माथी. एकीकडे चार वर्षे महाविद्यालयात शिकून, सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन पन्नास मुलांच्या वर्गापुढे खडू घेऊन उभी राहणारी बाई. दुसरीकडे परक्याच्या घरी भांडी घासून त्याच्या मुलांना न्हाऊ-माखू घालणारी बाई. ह्या दोन बाया पुष्कळदा एकच असतात, हे त्या देशाचे दुर्दैव आहे. आज आम्ही वाचकांना एवढ्या दूर घेऊन जात आहोत त्याचे कारण हे दुर्दैव जितके परके वाटते तितके ते परके नाही.

अडाणी स्त्रियांच्या देशाची ही कहाणी असती तर तीवर अग्रलेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु आशिया खंडात स्त्रीशिक्षणाचा ज्याला अभिमान वाटावा असे जे थोडे देश आहेत, त्यांत फिलिपाइन्सची गणना पहिल्या रांगेत करावी लागेल. १८६३ सालीच स्पॅनिश राजवटीने गावोगावी मुलांबरोबर मुलींचीही शाळा काढण्याचे फर्मान काढले होते. त्या शाळांत धर्मपाठापलीकडे फारसे काही शिकवीत नसत, हे खरे. म्हणून तर १८८८ च्या डिसेंबरात मालोलोस गावच्या वीस तरुणी गव्हर्नर-जनरल वेयलर ह्याच्यापुढे अर्ज घेऊन उभ्या राहिल्या: आम्हांला रात्रीच्या शाळेत स्पॅनिश भाषा शिकू द्या! हाच वेयलर पुढे क्यूबात आपल्या जुलमाने कुप्रसिद्ध झाला. गावच्या पाद्र्याने अर्जाला कडाडून विरोध केला. तरीही मुलींनी पिच्छा पुरवून शाळा मिळविली. ती काही महिन्यांतच बंद पडली, पण तिची वार्ता लंडनला होसे रिझाल ह्यांच्या कानी गेली, आणि १८८९ च्या फेब्रुवारीत त्या राष्ट्रपुरुषाने मालोलोसच्या त्या मुलींना तागालोग भाषेत एक दीर्घ पत्र लिहिले. ज्या देशाच्या स्वातंत्र्याच्या इतिहासात मुलींच्या शाळेसाठी केलेल्या अर्जाला असे मानाचे पान आहे, तो देश सामान्य नव्हे.

त्यानंतर अमेरिकन आले. त्यांचे साम्राज्य बंदुकीच्या जोरावरच आले, परंतु बंदुकीपाठोपाठ शिक्षकही आले. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाच्या बंदरात उतरले आणि खेड्यापाड्यांत पांगले. निवडक फिलिपिनो विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने अमेरिकेस पाठविण्यात येऊ लागले. त्यांत होनोरिया आकोस्ता नावाची एक मुलगी होती. पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९०९ साली पदवी घेऊन ती आपल्या देशाची पहिली स्त्री डॉक्टर झाली. ह्या महाविद्यालयाचे नाव मराठी वाचकांना नवे नाही. तेवीस वर्षांपूर्वी, १८८६ साली, त्याच संस्थेतून आमच्या आनंदीबाई जोशी पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या! आणि साम्य इथेच संपत नाही. होनोरियाच्या पाठोपाठ तेथूनच डॉक्टर झालेली दुसरी फिलिपिनो तरुणी ऑलिव्हिया सालामांका १९१३ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. आनंदीबाईंना त्याच रोगाने बाविशीही गाठू दिली नव्हती. मराठी मुलगी आणि फिलिपिनो मुलगी एकाच महाविद्यालयात शिकून एकाच रोगाला बळी पडाव्यात, हा योगायोग मनाला चटका लावून जातो. होनोरिया मात्र दीर्घकाळ जगल्या, आणि मायदेशी परतून त्यांनी बाळंतिणींच्या सेवेत आयुष्य घालविले. मायदेशी परतून, हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. मनिलात सात स्त्रियांनी मिळून १९१९ साली महिला महाविद्यालय काढले आणि १९३२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. एन्कार्नासिओन आल्झोना ह्या बाईंनी १९२३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. मताधिकारासाठी तर तेथील पुढाऱ्यांनी स्त्रियांना अशी अट घातली की, तीन लाख स्त्रिया ‘होय’ म्हणाल्या तरच तो मिळेल! पुरुषांना असली अट कुणी कधी घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ३० एप्रिल १९३७ रोजी ४,४७,७२५ स्त्रियांनी ‘होय’ म्हणून त्या पुढाऱ्यांना उत्तर दिले. पुढे १९७३ साली सर्वोच्च न्यायालयात स्त्री न्यायाधीश आली, १९८६ साली कोराझोन आकिनो आणि २००१ साली ग्लोरिया मॅकापागाल-आरोयो राष्ट्राध्यक्ष झाल्या. आज महाविद्यालयांत मुलग्यांपेक्षा मुली अधिक आहेत. मुलगे शाळेतून गळतात आणि मुली टिकतात, ही तेथील शिक्षणतज्ज्ञांची चिंता आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील पदवीशिक्षण फी-माफ झाले.

मग ह्या पदव्यांचे होते काय? पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तेथे कामाच्या बाजारात असतात. स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या थोडे वर रेंगाळते. हा शिक्षणाचा दोष म्हणता येत नाही. लग्न झाले, मूल झाले की घर कुणी सांभाळायचे, हा प्रश्न मनिलातही तसाच सुटतो जसा मुंबईत सुटतो. म्हणजे बाईने नोकरी सोडून! जी सोडत नाही तिच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते? मनिलातील भव्य विक्रीभवनांत काचेच्या पेटीमागे दिवसभर उंच टाचांवर उभ्या असणाऱ्या मुलींपैकी कितीतरी पदवीधर असतात. सहा महिने नोकरी झाली की कायद्याने कायम करावे लागते, म्हणून पाचव्या महिन्याअखेर त्यांना निरोप देण्यात येतो आणि नवी तुकडी भरती होते. ह्या प्रकाराला तेथील कामगार ‘एंडो’ म्हणतात. २०१६ च्या निवडणुकीत दुतेर्ते ह्यांनी तो मुळापासून उपटण्याची गर्जना केली होती. २०१९ साली संसदेने त्यासाठी विधेयक संमत केले तेव्हा त्यावर नकाराची मोहोर उठविणारे राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेच होते. नोकरीच्या जाहिरातींत वयाची अट घालू नये म्हणून २०१६ सालीच कायदा करावा लागला, ह्यावरून त्याआधी तिशी ओलांडलेल्या बाईची काय किंमत होत असेल त्याची कल्पना यावी. दूरध्वनीवरून परदेशी गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा धंदा तेवढा भरभराटीस आला. लाखो सुशिक्षित मुली त्यात आहेत आणि पगारही त्या मानाने बरा आहे. पण त्यांच्यासाठी रात्र हाच दिवस. स्त्रियांना रात्रपाळीस मज्जाव करणारी कलमे २०११ साली रद्द झाली ती ह्याच धंद्याच्या गरजेमुळे.

घरी हे असे. म्हणून डोळे समुद्राकडे लागतात. १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला सरकारी आश्रय दिला, तेव्हा तो तात्पुरता उपाय मानला गेला होता. पन्नास वर्षे लोटली! प्रथम आखातात पुरुष गेले, कारण तेथे इमारती उठत होत्या. पुढे स्त्रिया निघाल्या, कारण श्रीमंत देशांत आई, सून आणि दाई ह्या तिन्हींची टंचाई पडली. आज सरकारी पाहणीत मोजल्या जाणाऱ्या सुमारे वीस लाख प्रवासी कामगारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत, आणि त्या स्त्रियांपैकी बहुसंख्य घरकामासारख्या कामांत आहेत. सिंगापुरात फ्लोर कॉन्टेम्प्लासिओन ह्या मोलकरणीला १९९५ च्या मार्चमध्ये फाशी झाली, तेव्हा सारा देश पेटून उठला आणि त्याच वर्षी प्रवासी कामगारांच्या रक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्यात एक वाक्य आहे: आर्थिक वाढीचे साधन म्हणून सरकार परदेशी नोकरीला उत्तेजन देत नाही. वाक्य सुंदर आहे. २०२४ साली ह्या कामगारांनी बँकांमार्फत घरी धाडलेला पैसा ३४ अब्ज डॉलरांच्या वर गेला होता, आणि २००६ साली ह्याच सरकारने मोलकरणींना ‘सुपरमेड’ बनविण्याच्या प्रशिक्षणाचा गाजावाजा केला होता.

परिचारिकांची गोष्ट ह्याहून बोचरी आहे. १९४८ पासून अमेरिकेने त्यांना विद्यार्थिनी म्हणून नेले, आणि १९६५ च्या कायद्याने कायमच्या वास्तव्याची वाट मोकळी केली. देशात परिचर्या महाविद्यालयांचे पीक आले. २००४ साली वैद्यकीय परीक्षेत देशात पहिला आलेला डॉक्टर परिचारक होऊन अमेरिकेला निघाला, तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. मग परदेशी मागणी ओसरली, आणि पदवी घेतलेल्या हजारो मुली अनुभवाच्या दाखल्यासाठी रुग्णालयांत बिनपगारी राबू लागल्या. कित्येकींनी त्यासाठी उलट पदरचे पैसे भरले. सरकारी परिचारिकेला किती पगार द्यावा हे २००२ च्या कायद्याने ठरविले होते. तो पगार हाती पडावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ सालचा निर्णय आणि त्यापुढचे २०२० साल उजाडावे लागले. एकविसाव्या वर्षी नोकरीस लागलेली मुलगी तोवर चाळिशीला टेकली! खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना तर तो कायदा लागूच नाही. त्यांचा पगार त्याहून कितीतरी कमी. आणि महामारी येताच ह्याच सरकारने एप्रिल २०२० मध्ये त्यांना देश सोडण्यास बंदी केली. ज्यांना अठरा वर्षे न्याय्य पगार दिला नाही, त्यांना देशप्रेमाचा उपदेश करण्याचा अधिकार कुणाला असतो? त्या साली अमेरिकेत कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या परिचारिकांत फिलिपिनोंचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता, आणि तेथील एकूण परिचारिकांत त्या शंभरात चारच आहेत. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमधील कॉव्हेंट्रीत चाचण्यांबाहेरची त्या देशातील पहिली कोविड-लस टोचली तो हातही मे पार्सन्स ह्या फिलिपिनो परिचारिकेचा होता.

ह्या स्त्रियांची कीव करावी असे आम्हांला मुळीच वाटत नाही. त्यांनी धाडलेल्या पैशांतून घरे उभी राहिली, धाकट्या बहिणी शिकल्या, बापाची औषधे झाली. ज्या देशात मुसलमानांखेरीज इतरांना घटस्फोटाचा कायदा अजून मिळालेला नाही, तेथे दारुड्या नवऱ्यापासून सुटण्याचा मार्ग म्हणूनही कित्येकींनी विमान पकडले. तेही शहाणपणच. आमचा रोख त्यांच्यावर नसून, त्यांना ‘नवे वीर’ म्हणून हार घालणाऱ्या आणि हार घालता घालता देशात त्यांच्यासाठी नोकऱ्या निर्माण करावयास विसरणाऱ्या राज्यकर्त्यांवर आहे. पैसा बाहेरून बिनबोभाट येत राहिला की कारखाना काढण्याची, शिक्षिकेचा पगार वाढविण्याची, पाळणाघर चालविण्याची निकड कुणाला वाटेल? शिवाय बाहेर गेलेल्या बाईची पदवी वर्षावर्षाने गंजत जाते. हाँगकाँगमध्ये तिने मालकाच्याच घरी राहिले पाहिजे, नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत देश सोडला पाहिजे, असा नियम आहे. आणि कितीही वर्षे राबली तरी तिला तेथे कायम वास्तव्याचा हक्क नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगून टाकले आहे. दहा वर्षांनी ती परतते तेव्हा वर्गात तिची जागा उरलेली नसते.

आता वाचक विचारतील, हे आम्हांला कशाला? महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. दहा हजार तरुण-तरुणींचा आकडा तेव्हा जाहीर झाला, आणि त्यात परिचारिकाही आहेत. ह्याच जर्मनीशी फिलिपाइन्सने परिचारिकांसाठी २०१३ साली करार केला होता. म्हणजे आपण ज्या वाटेला लागलो आहोत ती वाट कुणी आधी तुडविली आहे हे उघड आहे. मराठी मुलगी जर्मनीला जावो, मान ताठ ठेवून जावो. आमचा विरोध नाही. परंतु पाठविण्यापूर्वी काही गोष्टी शासनाने कागदावर आणाव्यात. येथील परिचर्येची पदवी तेथे पदवी म्हणूनच धरली जाईल की मुलीला मदतनिसाच्या जागेवर वर्षानुवर्षे अडकविले जाईल? भाषा शिकण्याचा खर्च कुणाचा, आणि दलालाने ‘प्रशिक्षणा’च्या नावाखाली तो मुलीच्या बापाकडून वसूल केला तर शिक्षा कुणाला? फिलिपाइन्सने २००६ च्या अखेरीस आपल्या मोलकरणींचे किमान वेतन ४०० डॉलर करून नेमणुकीची दलाली घेण्यास मनाई केली; दलालांनी दलालीचे नाव बदलून ती चालूच ठेवली, हा अनुभव समोर आहे. आणि तीन-पाच वर्षांनी ती परत आली तर तिचा तेथला अनुभव येथील सरकारी रुग्णालय नोकरीत मोजणार की नाही?

ह्यांतला शेवटचा प्रश्न विचारताना, येथील सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवून एकेका परिचारिकेच्या माथी दोन-तीन वॉर्ड मारले जातात, हे आम्हांला दिसते आहे. परदेशी पाठवावयाच्या दहा हजारांची यादी तयार करणाऱ्या शासनाने ह्या रिकाम्या पदांची यादीही त्याच दिवशी प्रसिद्ध करावी, आणि ती कोणत्या तारखेपर्यंत भरणार ते तिच्यापुढे लिहावे.