रक्तदाब शाबूत, म्हणून धोका नाही?

संपादक महाशयांस,


जखमीचा रक्तदाब शाबूत असेतोवर चिंतेचे कारण नाही, त्यास गरम चहा पाजून ऊब द्यावी, असा जो सल्ला गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो सद्धेतूने दिलेला असला तरी प्राणघातक ठरू शकणारा असल्याने त्याचा प्रतिवाद अगत्याचा आहे.

प्रौढाच्या शरीरातील सुमारे ५ लिटर रक्तापैकी सव्वा लिटर वाहून गेले तरी, रक्तवाहिन्या आकुंचित करून व हृदयाची गती वाढवून, शरीर वरचा रक्तदाब पुष्कळदा सावरून धरते. म्हणूनच तो ढासळण्याची वाट पाहणारा उपचारक अमोल वेळ दवडतो. शॉकची लक्षणे त्याआधीच दिसतात: मिनिटास १०० च्या वर धावणारी नाडी, गार व घामेजलेली त्वचा, जलद श्वास, अस्वस्थता. बोटाचे नख ५ सेकंद दाबून सोडावे. हात थंडीने गारठलेला नसूनही २ सेकंदांत लाली न परतल्यास रक्ताभिसरण मंदावले असे समजावे.

चहा मुळीच देऊ नये, कारण पुढे भूल द्यावी लागल्यास पोटातील द्रव फुप्फुसांत शिरण्याचे भय असते. कांबळे पांघरावे, मात्र गरम पाण्याची पिशवी नको. जखम घट्ट दाबून धरणे, रुग्णास आडवे निजवणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवणे यांत हयगय होता कामा नये. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडदेखील इजेनंतर ३ तासांच्या आतच द्यावे लागते.

हा खुलासा मूळ पत्राइतक्याच ठळकपणे छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक शल्यचिकित्सक