ग्लास जिभेसाठी नसतो

"ही वाइन जिभेच्या शेंड्यावर पडली पाहिजे," असे म्हणत सूटबूट घातलेल्या तरुणाने पडद्यावर जिभेचे चित्र आणले. शेंड्याला गोड, कडांना खारट आणि आंबट, मुळाशी कडू. शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात होती तशीच चार तुकड्यांत रंगवलेली जीभ. रुंद तोंडाच्या ग्लासातून वाइन इथे पडते, अरुंद तोंडाच्या ग्लासातून तिथे. म्हणून शिराझला एक ग्लास, शार्दोनेला दुसरा, सोव्हिन्यों ब्लांला तिसरा. बोलावणे होते वाइन टेस्टिंगचे. कार्यक्रम संपताना टेबलावर फिरले ते ग्लासांच्या संचाचे ऑर्डर फॉर्म. एका ग्लासाच्या किमतीत नाशिककडच्या चांगल्या वाइनच्या दोन बाटल्या आल्या असत्या.

शेजारी आमचे थोरले भाऊजी बसले होते. ते माझ्या कानाशी वाकले. "अरे, स्टीलच्या पेल्यातून प्यालो तरी तेवढीच चढते. सगळी दुकानदारी."

त्या संध्याकाळी मला दोघांशीही भांडायचे होते. पाहुणा म्हणून गेलो होतो, त्यामुळे तिथे गप्प बसलो. ते राहिलेले भांडण इथे.

आधी त्या जिभेचे. हा नकाशा जन्मला तोच गैरसमजातून. 1901 मध्ये हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या कडेकडेने वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून पाहिले. एखादी चव कुठे जरा कमी मात्रेत कळते, कुठे जरा जास्त लागते, एवढेच त्याला आढळले. 1942 मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एडविन बोरिंग यांनी आपल्या ग्रंथात त्याचा आलेख काढला, आणि फरक किती बारीक होता हे त्या आलेखावरून कळेनासे झाले. वाचणाऱ्यांनी 'जरा कमी'चे 'अजिबात नाही' केले आणि पुस्तकामागून पुस्तकात तीच जीभ छापली गेली. 1974 मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी पुन्हा मोजले. फरक होता, पण दखल घ्यावी इतका नव्हता. सगळ्याच चवी जिभेवर सगळीकडे कळतात हे आता निर्विवाद आहे. खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. मिठाचा खडा शेंड्यावर ठेवा. नकाशानुसार तिथे खारट लागायला नको.

आणि नकाशा खरा धरला तरी काय? घोट तोंडात गेला की पुढच्या क्षणाला तो गालांत, टाळूला, जिभेखाली पसरतो. तो शेंड्यावर पडला की मध्यावर, हे ठरवायचा अधिकार ग्लासाला अर्ध्या सेकंदापुरताच.

म्हणजे ग्लास बनवणारे सगळे भोंदू, असे मला म्हणायचे नाही. ऑस्ट्रियातल्या कुफश्टाइनचे क्लाउस रीडेल यांनी 1958 मध्ये बरगंडी वाइनसाठी काढलेला पातळ काचेचा, मोठ्या पोटाचा ग्लास देखणाच आहे; न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहात घेतला आहे. 1973 मध्ये त्यांची सोमेलिये मालिका आली आणि वाइनगणिक वेगळा ग्लास ही कल्पना जगभर गेली. नक्षी आणि रंग काढून टाकून काच साधी, पातळ ठेवायची आणि आकार वाइनकडे बघून ठरवायचा, हा विचार चांगलाच होता. बिघडले ते पुढे, तो विकताना. विकायला शास्त्र हवे होते, आणि रंगीत जीभ हाताशी होती.

आता भाऊजी. त्यांचे अर्धे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो: दारूचे प्रमाण ग्लासाने बदलत नाही, चढायची तेवढीच चढते. पण हेच भाऊजी सकाळचा चहा बशीत ओतून, फुर्रकन आवाज करून पितात. कपातला चहा पोळतो, बशीतला पोळत नाही. चहा तोच, साखर तीच. पसरट भांड्यात पृष्ठभाग वाढला, वाफ लवकर उडाली, चहा निवला. भांड्याच्या आकाराने पेय बदलते हे भाऊजी रोज सकाळी सिद्ध करतात आणि संध्याकाळी नाकारतात. अत्तराच्या कुपीचे तोंड चिंचोळे का असते हेही त्यांना सांगावे लागत नाही. परातीत अत्तर ओतून ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

वाइनचे मर्म अत्तरासारखे वासात आहे. बडीशेपेची चिमूट नाक घट्ट दाबून चावून बघा. थोडी गोडी कळेल, बाकी भुसा चावल्यासारखे वाटेल. चावता चावता नाक सोडा, आणि बडीशेप एकदम प्रकट होते. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. वाइनमध्ये तर जिभेच्या वाट्याला आंबट, गोड, थोडे कडू आणि तोंड आवळणारा तुरटपणा एवढेच येते. पेरू, लिंबाची साल, जांभूळ, ओले लाकूड हे सगळे नाकाचे. म्हणून मी म्हणतो, वाइनचा ग्लास जिभेसाठी नसतोच. तो नाकासाठी असतो.

हे मान्य केले की ग्लासाचा एकेक अवयव आपोआप उलगडतो. वाइन तपासणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने 1977 मध्ये एक ग्लास ठरवून दिला. दिसायला अगदी गरीब. उंची 155 मिलिमीटर, पोट सगळ्यात फुगीर जागी 65, तोंड फक्त 46, काठोकाठ भरला तर 215 मिलिलिटर, आणि त्यात ओतायची वाइन 50 मिलिलिटर. म्हणजे तोंडाचे क्षेत्रफळ पोटाच्या निम्मे आणि तीन चतुर्थांश ग्लास रिकामा. ही रिकामी जागा म्हणजेच ग्लासाचे खरे काम. खाली पसरट पृष्ठभागावरून वास सुटतो, वर निमुळत्या तोंडाशी अडतो, मध्ये नाक घालायला जागा मिळते. दांडी धरून ग्लास गरगर फिरवायचा तोही यासाठी: वाइन काचेवर चढते, तिचा पातळ थर पसरतो आणि आणखी वास सुटतो. काठोकाठ भरलेला ग्लास फिरवला तर वास नाही, शर्टावर डाग पडतो. आपल्याकडच्या लग्नसमारंभात आग्रह म्हणून ग्लास गळ्यापर्यंत भरतात. त्यात आपुलकी असते. वाइनच्या दृष्टीने मात्र तिच्या नाकावर हात ठेवल्यासारखेच ते.

टोकियोच्या वैद्यकीय आणि दंतवैद्यक विद्यापीठातले कोहजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ही गोष्ट चक्क डोळ्यांना दिसेल अशी केली. दारूची वाफ लागली की उजळणारी एक जाळी त्यांनी तयार केली, ती ग्लासाच्या तोंडावर ठेवली आणि वरून कॅमेरा लावला. निमुळत्या वाइन ग्लासावर 13 अंश सेल्सिअसला एक कडे उमटले: काठालगत दारूची वाफ दाट, मधोमध विरळ. मधोमधच तर आपण नाक नेतो. तिथे दारूचा झोंबणारा दर्प कमी आणि वाइनचा स्वतःचा वास ऐकायला निवांत जागा. सरळ भिंतींच्या ग्लासात हे कडे उमटले नाही, कॉकटेलच्या त्रिकोणी ग्लासातही नाही. भाऊजींच्या पेल्यातही उमटणार नाही.

पण त्याच प्रयोगातली पुढची ओळ ग्लास विकणारे सांगत नाहीत, आणि आपल्यासाठी तीच महत्त्वाची आहे. वाइन 25 अंशांवर नेली तेव्हा त्याच ग्लासावरचे ते कडे नाहीसे झाले. 25 अंश म्हणजे नाशिकची हिवाळ्यातली दुपार. मार्च-एप्रिलात तर टेबलावरची बाटली तिशीच्या पुढे असते. 'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हा नियम आपण जसाच्या तसा उचलला, तो 16-18 अंशांच्या युरोपीय खोल्यांचा. ती खोली आपण आणली नाही, नियम तेवढा आणला. तेव्हा माझे म्हणणे असे, की महाराष्ट्रात वाइनचा पहिला ग्लास म्हणजे फ्रिज. रेड अर्धा तास आत ठेवा, व्हाइट दोन-तीन तास, आणि मग ग्लासाच्या गोष्टी करा. दांडीचेही महत्त्व यातच आहे. तळव्याची ऊब तिशीच्या पुढे. वाटी मुठीत धरून बसलात तर थंड वाइन गप्पांच्या एका फेरीत कोमट होते. दांडीला नखरा म्हणणाऱ्यांनी चहाच्या कपाचा कान आधी मोडून दाखवावा.

मग द्राक्षागणिक वेगळा ग्लास? अमेरिकेत डेल्विच आणि पेल्चॅट या दोन संशोधकांनी 2002 मध्ये लोकांचे डोळे बांधून, ग्लास हातात न देता, वेगवेगळ्या आकारांच्या ग्लासांतली वाइन हुंगवली. फरक आढळले, पण अगदी हलके. ग्लास डोळ्यांना दिसला, पातळ काठ ओठांना लागला, किंमत कानावर आली की तोच फरक मोठा होतो. त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. चांदीच्या वाटीतला श्रीखंडाचा घास वेगळाच लागतो, आणि त्याचे पैसे कुणी मोजत असेल तर माझी तक्रार नाही. फक्त त्याला जिभेचे शास्त्र म्हणू नये. घरात एकच ग्लास ठेवायचा तर ट्युलिपच्या कळीसारखा, पोटात रुंद, तोंडाशी मिटत आलेला, साध्या पारदर्शक काचेचा, साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपासचा. रेड, व्हाइट, रोझे सगळे त्यात निभते. स्पार्कलिंगसुद्धा. स्पार्कलिंगचा पसरट कूप ग्लास फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतच्या स्तनाच्या साच्यावरून घडवला ही कथा खोटी, आणि त्यात बुडबुडे लवकर निवतात ही तक्रार खरी. उंच फ्लूटमध्ये ते टिकतात, पण तोंडाशी कार्बन डायऑक्साइड इतका साचतो की नाकाला आधी झिणझिण्या येतात. ट्युलिप दोन्हींच्या मधला.

मोठ्या ग्लासाबद्दल एक सावधगिरी. केंब्रिजच्या संशोधकांनी 2017 मध्ये इंग्लंडमधले 411 ग्लास मोजले. अठराव्या शतकात सरासरी ग्लास 66 मिलिलिटरचा होता, 2016-17 मध्ये 449 चा. तीनशे वर्षांत जवळजवळ सातपट. मोठी वाटी वासासाठी आहे हे विसरले की हात आपोआप भरत जातो, आणि 750 मिलिलिटरची बाटली पाचऐवजी तीन ग्लासांत संपते. इथे भाऊजींची दुकानदारीची शंका अगदीच बिनबुडाची नाही.

आणि ज्या गोष्टीबद्दल टेस्टिंगमध्ये कुणी बोलत नाही ती: धुणे. मोलाचे ग्लास शोकेसमध्ये पालथे घालून ठेवतात, आत लाकडाचा, पॉलिशचा, कधी डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडतो. लिंबाच्या सुगंधाचा भांड्यांचा साबण काचेला चिकटून राहतो, आणि मग सगळ्याच वाइनला लिंबू लागते. ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगावा. आमच्या घरी निम्मे ग्लास या परीक्षेत नापास झाले.

गेल्या महिन्यात मी भाऊजींना घरी बोलावले. एकच शिराझ, फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवलेली. तीन भांडी: त्यांचा लाडका स्टीलचा पेला, व्हिस्कीचा जाड बुडाचा ग्लास, आणि ट्युलिप. ताईच्या ओढणीने त्यांचे डोळे बांधले आणि मी एकेक भांडे नाकाशी धरत गेलो, हातात दिले नाही. पेल्याला ते म्हणाले, "दारू." व्हिस्कीच्या ग्लासालाही, "दारूच." तिसऱ्याला थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यात काळी मिरी आहे. मटणाच्या वाटणात असते तशी."

शिराझमध्ये मिरीचा वास असतो हे खरे. रोटंडोन नावाचे द्रव्य तो देते, खऱ्या मिरीतही तेच असते, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला त्याचा वास येतच नाही. भाऊजींनी ओढणी सोडली, ट्युलिप माझ्याकडे सरकवला आणि "बघ" म्हणाले. मी ग्लास फिरवला, नाक आत घातले, पुन्हा फिरवला. जांभूळ आले, थोडे लाकूड आले. मिरी नाही.