दुर्मीळ म्हणून दुर्लक्षित?

पंचवटीत रामकुंडाच्या पायऱ्या चढताना, खोकताना, हसताना लघवी सुटण्याचे दुखणे कित्येक स्त्रिया लाजेपोटी लपवितात. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसविण्याची छोटी शस्त्रक्रिया १९९६ नंतर जगभर रूढ झाली; बहुसंख्य स्त्रियांना तिने दिलासा दिला, हे निर्विवाद. परंतु क्वचित पट्टी मूत्राशयात शिरते, योनिमार्गात उघडी पडते, वेदना कायमची जडते. आणि रुतलेली पट्टी काढणे बसविण्याहून अवघड ठरते. इंग्लंडमध्ये पीडितांच्या तक्रारींकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. अखेर २०१८ मध्ये या शस्त्रक्रियेला स्थगिती द्यावी लागली. दुर्मीळ अपाय नोंदीवाचून कळत नाहीत. म्हणून स्नायूंच्या व्यायामाचा पर्याय आधी सांगितला जावा, संमतिपत्र मराठीत असावे आणि प्रत्येक पट्टीची नोंद राहावी. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ पंचवटीपलीकडे म्हसरूळलाच आहे. प्रारंभ तेथूनच व्हावा.